सुनेचा सेल्फ सपोर्ट

सगळा घोळ त्या एका स्टेटसनं केला. अनितानं मोबाईलवर सायकलचा फोटो टाकला, खाली लिहिलं, ‘माझी पहिली सेल्फ सपोर्टेड रेस, तयारी सुरू,’ आणि ती चहा ठेवायला आत गेली. चहाला उकळी फुटायच्या आत खुटबावात बातमी फुटली, की मारुतरावांच्या सुनेला घरच्यांनी वाऱ्यावर सोडलं.

“सेल्फ म्हंजी स्वतःचा. आता स्वतःचाच सपोर्ट म्हणल्यावर सासरचा न्हाई, सरळ हाय की,” असा उलगडा माऊलीनं सोसायटीच्या ओट्यावर बसून केला. माऊली म्हणजे सोसायटीच्या निवडणुकीत मारुतरावांनी पाडलेला गडी. नाव माऊली, पण तोंड उघडलं की समोरच्याच्या अंगाचा भडका उडायचा.

दुपारी शेजारची धुरपदा तोंडाला पदर लावून अनिताच्या सासूकडं आली.

“सारजाबाई, पोरगी गुणाची हाय वं. काय झालं असंल ते घरातल्या घरात मिटवा.”

“काय झालंय?” सारजाबाई शेवंतीची फुलं निवडत होती, तिचा हात तसाच राहिला.

“ऱ्हाऊ द्या. मला कशाला सांगताय,” म्हणून धुरपदा उठली आणि पुढच्या दारात गेली.

संध्याकाळी मारुतराव घरी आले ते चपला न काढताच.

“अनिता! काय कमी केलं गं तुला आम्ही?”

“मामा, नियमाचं नाव आहे ते,” अनिता म्हणाली. सकाळपासनं तिनं हे सात जणांना सांगितलं होतं, सासरे आठवे. “जानेवारीत रेस आहे. नाशिकपासून कोल्हापूरपर्यंत, सगळी डोंगरातनं. आपलं सामान आपण न्यायचं, पंक्चर आपण काढायचं, झोपायचं कुठं ते आपण बघायचं. दुकानातनं विकत घेतलेलं चालतं, कारण ते कुणालाही मिळतं. पण ओळखीच्या माणसाचा हात लागला की बाद.”

“मग लिही की तसं. ‘सासरचा भक्कम सपोर्ट’ म्हणून लिही.”

“सपोर्ट असला की काढतात, मामा.”

मारुतराव मटकन खाली बसले. “सासरचा सपोर्ट हाय म्हणून काढत्यात? इथं सपोर्ट न्हाई म्हणून पोरी माहेरी येऊन बसल्यात, आन् ह्यांना असलेला नगं! कुठल्या गावची माणसं म्हणायची ही?”

“पुण्याची.”

“तरीच,” मारुतराव म्हणाले. पण पटलं काही नाही.

आता अनिताचं म्हणाल, तर ही रेस तिच्या डोक्यात वर्षभर बसली होती. शेवंतीच्या तोडणीतून हाताला आलेले पैसे साठवून तिनं जाड टायरची सायकल घेतली. पहाटे कालव्याच्या भरावावर सराव केला. कुत्री मागं लागली, बाभळीच्या काट्यानं टायरची चाळण झाली, आणि दर दोन मैलांवर कुणीतरी थांबून विचारलं, “ताई, गाडी बंद पडली का?” हे सगळं तिनं गिळलं. रेसमध्ये शिरायला आधी एक परीक्षेची राईड करायची होती. एका दिवसात सव्वादोनशे किलोमीटर, एकटीनं, आणि रेसवाल्यांना नकाशावर तिचा टिपका हलताना दिसला पाहिजे.

पहिली राईड त्या स्टेटसनंतरच्या रविवारी झाली, म्हणजे झालीच नाही. वरवंडच्या पुढं गेल्यावर तिला मागून माईकचा आवाज आला. “आपल्या लाडक्या सूनबाई पुढं चाललेल्या हायेत...” मागं बघते तर घरचाच टेंपो. त्यात केळीचे घड, पाण्याचे जार, एक सतरंजी, उशी, आणि ड्रायव्हरशेजारी मारुतराव. तिनं हातानं माघारी जायच्या खुणा केल्या. मारुतरावांना वाटलं, सून हात हलवतीय. त्यांनीही हलवला. वर व्हिडिओ काढून दौंड-शिरूर दोन्ही तालुक्यांतल्या पाहुण्यांच्या ग्रुपवर टाकला.

दुपारी पुण्याहून रेसच्या मॅडमचा फोन आला. “अनिताताई, एका व्हिडिओत तुमच्या मागे टेंपो दिसतोय. त्यात उशी पण आहे.”

राईड बाद. पुढचा रविवार शेवटचा, त्यानंतर नावं बंद.

अनितानं घरी येऊन हेल्मेट गोठ्यात भिरकावलं. म्हैस दचकली. दोन दिवस ती मारुतरावांशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मारुतरावच म्हणाले, “चुकलं माझं. आता शपथ घेतो. टेंपो न्हाई, माईक न्हाई. बास?”

“बास,” अनिता म्हणाली. इथं ती फसली. माणूस वीस वर्षं सहकारात काढलेला. जेवढं बोलला तेवढंच पाळणार, हे सुनेच्या ध्यानात यायला पाहिजे होतं.

रविवारी पहाटे चार वाजता ती निघाली. नवरा सत्यजीत रांजणगावच्या कंपनीत नाईट शिफ्टला होता. काही बरंवाईट झालं तर कळावं म्हणून टिपक्याची लिंक तिनं त्याला एकट्याला दिली होती. सत्यजीतनं ती आईला दिली. आईला उघडता येईना, तिनं मारुतरावांना दिली. पुढं काय झालं ते सांगायची गरज नाही.

वरवंडात अजून उजाडलं नव्हतं, तरी सोसायटीची चार माणसं हार घेऊन चौकात उभी. “आली, आली! टिपका आला!” अनितानं मान खाली घालून सायकल हाणली. हार मागनं उडत आला आणि कॅरिअरच्या पिशवीला अडकला. तिला उतरून तो काढावा लागला, घडी घालून दगडावर ठेवावा लागला, आणि त्यात घाम निवला तो वेगळाच.

दौंडात तसंच. परतताना हायवेला तसंच. “थम्सप घ्या, ताई.” “नको.” “उसाचा रस?” “नको.” “मग निदान बसा तरी!” पारगावच्या अलीकडं तिला लघवीला जायचं होतं. ती उसाच्या कडेला सायकल लावते न लावते तोच फोन वाजला.

“अनिता, टिपका थांबलाय,” मारुतराव म्हणाले. “काय अडचण?”

“काही नाही, मामा.”

“न्हाई कसं? दोन मिनिटं झाली. दोन पोरं पाठवू?”

“मामा, मी थांबलीय! बाईमाणूस थांबतं कधी!”

पलीकडं फोन तोंडापासून लांब गेला. मग लांबून, कुणाला तरी सांगितल्यासारखा आवाज आला, “काय न्हाई, काय न्हाई. टिपका बघू नका, सगळ्यांनी इकडं बघा.”

अनितानं दात आवळले. ऊन चढलं होतं, पाय भरले होते, पण त्याचं तिला काही नव्हतं. चढ चढता येतो. माणसं चढता येत नाहीत.

भीमा ओलांडून ती न्हावऱ्यात शिरली, आणि तिथं खरी पंचाईत उभी होती. मारुतरावांची थोरली बहीण पुतळाबाई. हातात ओवाळायचं ताट, मागं सगळी भावकी, आणि रस्त्यात आडव्या लावलेल्या दोन मोटारसायकली. उतरावंच लागलं.

“आत्या, मला काही घेता येत नाही हो. खरंच.”

“घेऊ नगंस. मी कुठं देतीय?” पुतळाबाईनं कुंकू लावलं, ओवाळलं. कुंकवाला तर नियम नव्हता. अनिता जरा सैल झाली, हसली, आणि हसताना तोंड उघडलं. तेवढ्यात पुतळाबाईनं अख्खा पेढा आत सारला.

दहा मोबाईल समोर रोखलेले. गिळला तर राईड गेली. थुंकला तर आत्या गेली. अनिता गाल फुगवून तशीच उभी. पेढा विरघळायला लागला. तिनं हात जोडले, मोटारसायकलींच्या फटीतनं सायकल काढली, आणि गाव संपेपर्यंत घसा आवळून धरला. शेवटचं घर मागं पडल्यावर बांधावर पेढा थुंकला, बाटलीतल्या पाण्यानं तीन चुळा भरल्या. मान वर केली तर बांधापलीकडं गवत कापणारी बाई. पुतळाबाईच्या धाकट्या जावेची बहीण.

शिरूरच्या अलीकडं फोन आला.

“अनिता! अक्काचा पेढा थुंकलीस तू?”

“थुंकले.”

“अगं, रडतीय ती! म्हणतीय, माझ्या हातात काय इख होतं का? उद्या मी कुठल्या तोंडानं...”

“मामा!” अनिता ओरडली आणि त्याच क्षणाला मागच्या टायरनं सुस्कारा सोडला. तिनं उतरून बघितलं. बोटभर काटा. सायकल आडवी घालून ती रस्त्याकडंला धुळीत बसली. “पंक्चर झालंय. ठेवते.”

हे सांगायला नको होतं. तिनं चाक काढून टायर उचकटेपर्यंत शिरूरकडनं चार मोटारसायकली आल्या. एकीवर पंक्चरवाला, कॉम्प्रेसरसकट.

“ताई, सरका. पाच मिनिटांचं काम.”

“हात लावू नका.”

“पैसं न्हाई घेत वं, मारुतरावांचा फोन आलाय.”

“म्हणूनच हात लावू नका!”

एकानं तिच्या हातातनं पंप घेतला. तिनं हिसकावला. दुसऱ्यानं ट्यूब धरली. तिनं त्याच्या हातावर चापट मारली. माणसं चांगली होती, हाच तर वैताग होता. वाईट असती तर शिव्या देता आल्या असत्या. तिच्या डोळ्यात पाणी आलं, ते बघून पंक्चरवाला आणखीनच जवळ आला.

तेवढ्यात शिरूरच्या बाजारातनं रिकामे क्रेट घेऊन निघालेला एक टेंपो कचकन थांबला. खिडकीतनं माऊलीनं डोकं काढलं.

“अगं बाई, मारुतरावांची सून! आन् अशी धुळीत? टाका सायकल मागं, म्या सोडतो. आपल्याला काय राजकारण न्हाई,” आणि बोलता बोलता त्यानं मोबाईल काढून तिच्याकडं धरलासुद्धा.

अनिता त्याच्याकडं बघत राहिली. सकाळपासनं पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर हसू आलं, आणि ते काही साधं नव्हतं. तिनं फोन लावला, स्पीकरवर.

“मामा, इथं माऊली आलेत.”

“कोण?”

“माऊली. माझी सायकल त्यांच्या टेंपोत टाका म्हणतात. सपोर्ट देतो म्हणतात. फोटो पण काढतायत. आता तुमचे पाहुणे हात लावायला लागले, तर ह्यांना तेवढं नको कसं म्हणू? सगळ्यांचाच घ्यावा लागंल.”

फोनमधनं रस्त्यावरची कुत्री उठून बसतील असा आवाज आला.

“कुणी हात लावायचा न्हाई! ऐकताय का रं सगळी? माझी सून कुणाच्या सपोर्टवर हाय असं एकानं म्हणून दाखवावं! तिचं चाक तीच बशिवणार! सरका मागं सगळी!”

सगळी सरकली. पंक्चरवाल्यानं तर हात मागं बांधले. अनितानं पॅच लावला, टायर बसवला, हवा मारली. कडेला आठ माणसं पंगतीत वाढायला थांबल्यासारखी गप्प उभी. माऊली काच वर करून निघून गेला.

त्यानंतर रस्ता मोकळा झाला म्हणावा, तर तसंही नाही. मारुतरावांनी ग्रुपवर हुकूम काढला होता. ती शिरूरातनं गेली, वढूला जाऊन समाधीला बाहेरनंच हात जोडून फिरली, तळेगावातनं आली. सगळीकडं माणसं होतीच. पण आता ती पाठ करून उभी. एका चौकात तिनं हॉटेलवाल्याकडं पाण्याची बाटली मागितली, वीस रुपये पुढं केले, तर तो दुसरीकडं बघत म्हणाला, “ताई, तुम्हाला द्यायचं न्हाई, असा मेसेज हाय.”

“अहो, विकत चालतं!”

“रिस्क नगं.”

तीन दुकानं हिंडल्यावर चौथ्यानं दिली, कारण तो बिहारचा होता आणि ग्रुपमध्ये नव्हता.

पेढ्याचं मात्र तिला टोचत होतं. परतीच्या वाटेवर न्हावऱ्याच्या बाहेरनं तिनं स्वतःच मॅडमना फोन लावला आणि सगळं सांगितलं. मॅडम आधी हसल्या, मग गंभीर झाल्या. “थुंकलात ना? मग ठीक. पण आता घरापर्यंत कुणाचा हात नको. सायकलला नाही, तुम्हालाही नाही.”

दिवेलागणीला ती खुटबावच्या शिवारात आली. घर दिसत होतं. मांडीत गोळा आला होता, तो मुठीनं चेपत ती चालवत होती. घराच्या वळणावर उसाची ट्रॉली पलटून गेल्यानं खड्डा झालेला, तिथं पुढचं चाक रुतलं आणि ती सायकलसकट आडवी झाली. गुडघा फुटला. पायात असा पेटका आला की उठता येईना.

दारात सगळं घर उभं होतं, पाठमोरं. मारुतराव सगळ्यात पुढं.

धप्प आवाज झाला तशी त्यांची मान अर्धी वळली. त्यांनी ती परत सरळ केली.

“अनिता. पडलीस का?”

“पडले, मामा.”

“लागलं?”

“लागलं.”

“उचलू?”

“नको.”

“अहो, पोरगी पडलीय!” सारजाबाई वळली. मारुतरावांनी तिचं मनगट धरलं. त्यांचा दुसरा हात स्वतःच्याच धोतराचा सोगा पिळत होता. निवडणुकीच्या मतमोजणीतसुद्धा कुणी त्यांना असं बघितलं नव्हतं.

अनिता आधी बसली. मग गुडघ्यावर आली. मग सायकलचा दांडा धरून उभी राहिली. पाय ओढत, सायकल ढकलत, ती त्यांच्या शेजारनं गेली, अंगणात शिरली आणि चाक ओट्याला टेकवलं. फोन वाजला.

“टिपका पोहोचला,” मॅडम म्हणाल्या. “जानेवारीत भेटू, अनिताताई.”

तिनं फोन खाली ठेवला. अंगणात कुणी हललं नाही. मारुतराव अजून रस्त्याकडंच तोंड करून उभे होते.

“मामा, झालं.”

“नक्की?”

“नक्की.”

“आता हात लावला तर चालतंय?”

“लावा,” ती म्हणाली आणि ओट्यावर बसायला गेली, पण बसण्याआधीच तिला मारुतरावांनी दंडाला धरलं होतं.