तेलातलं पाणी

इंजिनातलं तेल गळतं, जळतं, काळं पडतं. पण ते एका रात्रीत वाढलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. त्या सकाळी बनुबाईमावशीच्या अंगणात बॉनेट उघडून तेल मोजायची सळई बाहेर काढली, तर तेल खुणेच्या चांगलं वर आलेलं. सळईच्या टोकाला पाण्याचे थेंब. 

चव्वेचाळीस साल होतं. लढाईपायी पेट्रोल मापून मिळायचं आणि सुटे भाग देवालासुद्धा मिळाले नसते. आष्ट्याच्या आसपास भाड्याची म्हणून माझी एकच मोटार उरली होती, साताऱ्याच्या एका वकिलाने वापरून वापरून टाकलेली. तिला मी रोज शिव्या घालायचो आणि रोज पुसायचो. त्या दिवशी सयाजीची सगळी भिस्त तिच्यावर होती. त्याची रजा संपली होती. सांगलीला दुपारची आगगाडी चुकली, तर पलटणीत पळपुटा म्हणून नाव लागणार आणि पोलीस दारात येणार.

सयाजी मावशीचा धाकटा. थोरला जोतीराम माझा जिवाभावाचा दोस्त. तो उन्हाळ्यात इटलीच्या लढाईत पडला. मावशीला त्याचं तोंडही बघायला मिळालं नाही. म्हणून तर सयाजीला पोचवायला मी आदल्या संध्याकाळीच त्यांच्या मळ्यावरच्या घरी मुक्कामाला आलो होतो.

इंजिनाच्या पोटात तेल असतं आणि भोवती थंडाव्यासाठी पाणी खेळतं. मधलं लोखंड तडकलं की पाणी तेलात उतरतं आणि मोटार संपते. पण नुसत्या सळईवर मी विश्वास ठेवणारा माणूस नाही. पडवीतल्या चुलीवर मावशी वाटेची भाकरी करत होती. मी तिला म्हणालो, "मावशी, जुनं उलथनं आसंल तर तापवून दे."

तिने दिलं. तापल्या लोखंडावर मी तेलाचा थेंब सोडला. चांगलं तेल नुसतं धुमसतं. हे तडतडलं. मावशी त्या थेंबाकडे बघत राहिली. तव्यावरची भाकरी करपली तरी तिचं लक्ष नव्हतं.

सयाजी उंबऱ्यावर बसून बुटांना पालिश करत होता. "निगंल का मोटार, भाई?" त्याने विचारलं.

"बगतो," मी म्हणालो. खरं तर मला रडू येत होतं.

मी मोटारीखाली शिरलो, पांढरं चिनीमातीचं ताट खाली धरलं आणि तेलाच्या चेंबरचा तळाचा बोल्ट ढिला केला. पाणी जड, म्हणून ते आधी आलं. आणि तिथेच मी चक्रावलो. माझ्या रेडिएटरमधलं पाणी गंजाने तांबडंलाल; हे नितळ होतं. उठून रेडिएटरचं झाकण काढलं, तर आत गळ्यापर्यंत भरलेलं. एक थेंब कमी नाही. म्हणजे इंजिन ठणठणीत होतं आणि हे पाणी बाहेरून कोणीतरी ओतलं होतं.

ताटातलं पाणी जरा स्थिर झालं तेव्हा तळाशी करडी राख बसलेली दिसली. चिमटीत घेतली, वास घेतला. उदाचा वास. देवघरातला अंगारा.

आदल्या संध्याकाळी मी मावशीसमोरच इंजिनात तेल घातलं होतं. "हे तिचं काळीज का रं?" तिने विचारलं होतं आणि मी मोठ्या ऐटीत सांगितलं होतं की इथे तांब्याभर पाणी गेलं तर मोटार जागची हलायची नाही.

रागाने माझं डोकं फिरलं. ताट घेऊन मी तसाच पडवीत गेलो. मावशीने ताटात पाहिलं आणि पदर तोंडाशी धरला.

"दस्तगीर, मोटार मोडली म्हन," ती हळूच म्हणाली. "तुज्या पाया पडते. मोडावी म्हनून न्हाई ओतलं मी. पोरगं ऱ्हावं म्हनून ओतलं. म्हनून तर अंगारा घातला."

माझा राग कुठल्या कुठे गेला. "मावशी, आज ऱ्हाईल. उद्या बेड्या घालून न्हेतील. गावादेखत. मग काय करशील?"

 

दुसरं तेल मिळणार नव्हतं. आहे तेच डब्यात काढून चुलीवर ठेवायचं आणि उरलंसुरलं पाणी आटेपर्यंत कढवायचं, एवढाच इलाज. मी सयाजीला सांगितलं, "तेलात पानी गेलंय, पन निगंल." तो मान खाली घालून पालिश करत राहिला. एकच बूट तो मघापासून घासत होता. चुलीत काटक्या सारायचं काम मावशीवर आलं. पोरगा समोर बसलेला, त्यामुळे तिला नाही म्हणता येईना. तेल तडतडत होतं तोवर ती बरी होती. तडतड थांबली, तेल मुकाट धुमसायला लागलं, तेव्हा तिने हात मांडीवर ठेवले आणि डोळे मिटले.

तेल परत भरलं आणि मोटार एका हँडलात सुरू झाली. सटवी, एरवी चार शिव्या खाल्ल्याशिवाय कधी सुरू होत नसे.

तुंग गाव मागे पडलं. सांगलीचा कृष्णेवरचा पूल दिसायला लागला तेव्हा सयाजी म्हणाला, "भाई, आईनं पानी वतलं ते मी बगितलं व्हतं."

मी मोटार कडेला घेतली.

"मी जागाच व्हतो. तांब्या घिऊन गेली, आली. मी डोळं मिटून पडून ऱ्हायलो." तो समोर काचेतून बघत होता. "सकाळी मोटार निगंल का म्हनून तुमास्नी इचारलं. मला वाटलं, तुमी न्हाई म्हनशीला."

त्याचा तो प्रश्न मला जायच्या घाईचा वाटला होता. मी सीटखालचा पाना काढला. "सयाजी, अजून काय बिघडलं न्हाई. चेंबरचा बोल्ट काढतो. तेल सांडलं की मोटार हितंच बसली. कोनाच्या बाला कळत न्हाई."

तो पान्याकडे बघत राहिला. त्याचा हातही थोडा पुढे आला. मग त्याने तो मांडीखाली दाबून धरला.

"नगं, भाई. आपसूक बंद पडली आसती तर माजा काय दोष व्हता? आता पाडली तर ते पळून जानं हाय. जोतीदादाच्या नावापुढं माजं तसलं नाव नगं." त्याचा आवाज फाटला. "पन मला न्हाई जायाचं. लय भ्या वाटतं, भाई."

मी त्याला धरलं. एकवीस वर्षांचा शिपाई, लहान पोरासारखा माझ्या तेलकट सदऱ्यात तोंड खुपसून रडला. मग त्याने तोंड पुसलं, टोपी नीट केली आणि म्हणाला, "चला."

आगगाडी वेळेवर आली. ती तरी उशिरा यायची होती.

परतताना मी मळ्यावर गेलो. मावशी चुलीजवळच होती, सकाळी बसली होती तिथेच. चूल विझलेली.

"गावली गाडी?"

"गावली."

तिने चुलीतली राख सारखी केली. मग म्हणाली, "त्येला तरी जायाचंच व्हतं न्हवं रं? बुटं कशी घासत व्हता. त्येच्या मनातच व्हतं, मीच येडी आडवी गेले."

"व्हय, मावशी," मी म्हणालो. "लय हौसंनं गेला."

ती मान हलवत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सवयीने सळई काढून पाहिली. तेल खुणेवर होतं. पाण्याचा थेंबसुद्धा नव्हता.