मास्तरांच्या बटणांची बरणी

मी बरणी बोलतेय. काचेची, रुंद तोंडाची, निळ्या पत्र्याच्या झाकणाची. माझ्या गळ्याजवळ काचेत एक बुडबुडा अडकलेला आहे. तो कारखान्यातच राहून गेला. त्यामुळे मला दुय्यम मालात टाकलं, आणि म्हणूनच मी एखाद्या मोठ्या दुकानात न जाता शिंप्याच्या घरी आले. तेव्हापासून मी त्या बुडबुड्याला नावं ठेवत नाही.

माझ्या मालकांना सगळे मास्तर म्हणतात. शाळेतले नव्हेत, शिवणकामाचे. घराची पुढची खोली हेच त्यांचं दुकान. एक कापायचं टेबल, पायाची दोन मशिनं, उभा आरसा आणि खिडकीशी एक फळी. त्या फळीवर मी. मागच्या तीन पायऱ्या चढलं की स्वयंपाकघर. मास्तर कापतात आणि शिवतात. काज-बटण, तुरपाई आणि इस्त्री त्यांची बायको बघते. गिऱ्हाइकं तिला वहिनी म्हणतात, म्हणून मीही वहिनीच म्हणते.

पहिली बारा वर्षं माझ्या पोटात बिस्किटं होती. गिऱ्हाइकांबरोबर आलेल्या मुलांना द्यायला वहिनींनी भरलेली. मुलं यायची आठवड्याला दोन-तीन, आणि मी मात्र दर चार दिवसांनी रिकामी. मास्तरांचा उजवा हात कापडावर असायचा आणि डावा माझ्यात. बाही लावली, एक बिस्किट. कॉलर नीट बसली, एक बिस्किट. कॉलर नीट बसली नाही, तर दोन. त्यांचं त्यांनाही कळत नसे. मला तेव्हा वाटायचं, आपण किती उपयोगी पडतोय.

पोट वाढत होतं ते मास्तरांना कधी कळलंच नाही, आणि त्याला कारण वहिनी. चांगला शिंपी पँटच्या मागच्या शिवणीत दोन बोटं कापड जास्तीचं ठेवतो. पुढेमागे माणूस सुटला तर उसवून कंबर सैल करता यावी म्हणून. मास्तरांनी स्वतःच्या पँटींत असं कापड भरपूर ठेवलं होतं. रविवारी इस्त्री करताना वहिनींना कंबरेची शिवण ताणलेली दिसायची. त्या न बोलता उसवायच्या, थोडं कापड सोडायच्या, पुन्हा टीप मारायच्या. नवऱ्याच्या जिवाला लागू नये, एवढाच हेतू. आणि मास्तर गिऱ्हाइकांना ऐटीत सांगायचे, "दहा वर्षांपूर्वीची पँट आहे ही. अजून तश्शीच बसते." तेवढ्यापुरत्या वहिनी काज करण्यात अगदी गढून जायच्या.

मग एका सकाळी मास्तरांना सुई ओवता येईना. दोऱ्याचं टोक ओलं केलं, कात्रीने तिरकं कापलं, सुई उजेडाकडे धरली. सुईचं नेढं दिसतच नव्हतं. समोर गल्लीच्या टोकाच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई बसल्या होत्या, आपला पांढरा कोट न्यायला आलेल्या. त्या थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, कोट राहू द्या. उद्या उपाशीपोटी दवाखान्यात या."

तपासणीत साखर खूप वाढलेली निघाली. कागद घेऊन डॉक्टरीणबाई स्वतः दुकानात आल्या. "गोळ्या देते. पण नुसत्या गोळ्यांनी भागायचं नाही. रोज चालायचं, गोड बंद, ताटात भाजी जास्त आणि भात कमी. तीन महिन्यांनी परत तपासू. आज जे धूसर दिसतंय ते साखर उतरली की बहुतेक सुधारेल. पण असंच चालू राहिलं तर डोळे खरोखरच अधू होतील. मग हे मशीन झाकून ठेवावं लागेल." बोलता बोलता त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मला लपायला जागा नव्हती.

त्याच दुपारी वहिनींनी मला रिकामं केलं, गरम पाण्याने घासलं आणि बाहेर ओट्यावर उन्हात पालथं घातलं. मला वाटलं, संपलं. आता भंगारवाला.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा फळीवर होते. मास्तर पहिल्यांदाच बिनसाखरेचा चहा पीत होते, औषध प्यावं तसा. कप रिकामा झाल्यावर वहिनींनी सुट्या बटणांच्या डब्यातून एक बटण उचललं आणि माझ्यात टाकलं. टिण्ण.

"हे काय?" मास्तरांनी विचारलं.

"चहा फिका प्यायलात ना, त्याचं. रोज काहीतरी एक धड केलंत की एक बटण."

"मी काय लहान बाळ आहे?"

"चहा पिताना तोंड तर तसंच केलं होतंत."

असं माझं दुसरं आयुष्य सुरू झालं. शिंप्याच्या घरात जोडी नसलेल्या बटणांना तोटा नसतो. शेजारचे घड्याळ दुरुस्त करणारे गृहस्थ रोज सकाळी फिरायला जायचे. मास्तर त्यांच्यासोबत निघाले. पहिल्या दिवशी कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत गेले आणि धापा टाकत परत आले. घड्याळवाले म्हणाले, "जाऊन येऊन अकरा मिनिटं. त्यातली चार मास्तर पेटीला टेकून उभे होते." तरीही वहिनींनी बटण टाकलं. गेले होते ना, मग झालं तर.

पुढे मास्तरांना त्यात गोडी लागली, आणि वादही सुरू झाले. एकदा त्यांना कोटाचं मोठं बटण हवं होतं, कारण बहिणीकडे जाऊन ते केक न खाता परतले होते. वहिनी म्हणाल्या, सगळी बटणं सारखीच, मान मिळेल तो सारखा मिळेल. एकदा त्यांनी सांगितलं, "आज बेकरीवरून गेलो, आत ढुंकूनही पाहिलं नाही." वहिनींनी विचारलं, "मग आतल्या क्रीमरोलवर चेरी होती हे मघाशी कोणी सांगितलं?" त्या दिवशी बटण मिळालं नाही. जेवणात आधी काकडी खाल्ली, मिळालं. दुसऱ्यांदा भात घेताना हात मागे घेतला, मिळालं. पाय दुखत असतानाही फिरून आले, तेव्हा वहिनींनी न मागता दोन टाकली आणि वर काही बोलल्या नाहीत.

आणखी एक गोष्ट वहिनी करायच्या, जिचं बटण कोणी कोणाला दिलं नाही. दुकान उघडण्याआधी त्या बारा सुयांत बारा रंगांचे दोरे ओवून उशीत टोचून ठेवायच्या. मशीनच्या सुईतही दोरा घालून ठेवायच्या. गिऱ्हाइकांसमोर मास्तरांची फजिती होऊ नये म्हणून. मास्तर आयत्या सुया उचलायचे आणि त्याबद्दल अवाक्षर काढायचे नाहीत. त्यांना लाज वाटायची, हे मला फळीवरून दिसत होतं.

आता मुख्य घोटाळा सांगते. असा घोटाळा फक्त शिंप्याच्याच घरात होऊ शकतो.

मास्तरांनी एकदा घड्याळवाल्यांना सांगितलं होतं, "वजनकाट्यावर माझा विश्वास नाही. टेपवरही नाही. कंबरेला टेप लावला की माणूस श्वास आत ओढतो. तीस वर्षं बघतोय. पँट मात्र खोटं बोलत नाही. ज्या दिवशी ही पँट ढिली होईल, त्या दिवशी मी मानेन." हे बोलणं बाहेर ओट्यावर झालं. वहिनी आत इस्त्री करत होत्या, त्यांच्या कानावर पडलं नाही.

आणि पँट खरंच ढिली होत होती. पण सैल, लोंबणारा कपडा वहिनींना बघवत नाही. तिसऱ्याच रविवारी त्यांना मास्तरांच्या पँटचा मागचा भाग झोळ खाल्लेला दिसला. हात सवयीने चालला. इतकी वर्षं कापड सोडत आल्या होत्या, आता आत घेतलं आणि टीप मारली. पाचव्या आठवड्यात पुन्हा. आठव्यात पुन्हा. मी फळीवरून बघत होते. ओरडावंसं वाटत होतं. पण बरणीचं तोंड कितीही रुंद असलं तरी तिला बोलता कुठे येतं?

नववा आठवडा. सोमवारची सकाळ. मास्तर फिरायला गेलेच नाहीत. आरशासमोर उभे राहिले, पँटच्या कंबरेत बोट घालून पाहिलं, आणि मग मला उचलून सगळी बटणं टेबलावर ओतली. खिशातून बिस्किटांचा पुडा काढून माझ्याशेजारी ठेवला. वहिनी चहा घेऊन पायऱ्या उतरल्या आणि थबकल्या.

"हे काय चाललंय?"

"बटणं डब्यात टाक परत. गिऱ्हाइकांना लागतील."

"अहो, पण झालं काय?"

"काही झालं नाही, हेच झालं. दोन महिने फिका चहा पितोय, काकड्या चावतोय, त्या घड्याळवाल्याच्या मागे गल्लोगल्ली हिंडतोय. आणि ही पँट बघ. पहिल्या दिवशी बसायची तशीच बसते. एक सूतभर ढिली नाही. माझ्याच्याने होत नाही गं. डोळे जायचेच असतील तर निदान बिस्किटं खाऊन जाऊ देत."

वहिनींनी कप ठेवला. चहा बशीत सांडला. "ती पँट काढा," त्या म्हणाल्या.

"आं?"

"काढा म्हणते ना. टॉवेल गुंडाळा आणि इकडे द्या."

मास्तरांनी पँट दिली. वहिनींनी ती उलटी केली आणि मागची शिवण त्यांच्यासमोर धरली. मास्तर खिडकीशी गेले, शिवण डोळ्यांजवळ नेली. दिसलं कमी, पण बोटांना सगळं कळलं.

"ही टीप माझी नाही."

"माझी आहे. ही मागच्या रविवारची. तिच्या बाहेरची त्याच्या आधीची. तिच्याही बाहेर एक आहे." वहिनींचा आवाज अगदी बारीक झाला होता. "सैल दिसली की मी आत घेत गेले. तुम्ही पँटवरून बघताय हे मला काय ठाऊक?"

मास्तरांनी छोटी कात्री घेतली आणि तिन्ही टिपा स्वतः उसवल्या. घाई नाही, कापडाला इजा नाही. मग पँट चढवली आणि हात सोडला. पँट सरळ गुडघ्यांवर आली. दोघं एकमेकांकडे बघत राहिली आणि मग इतकी हसली की घड्याळवाले काय झालं म्हणून दारात आले आणि मास्तरांचा अवतार पाहून तसेच मागे फिरले.

हसणं थांबल्यावर मास्तर पँट धरून स्टुलावर बसले. शिवणीवर बोट फिरवत त्यांनी विचारलं, "मी ठेवलेलं जास्तीचं कापड कुठे गेलं? इथे दोन बोटं होतं."

वहिनी बशीत सांडलेला चहा परत कपात ओतू लागल्या.

"सोडत होतीस?"

"हो."

"किती वर्षं?"

"मोजलं नाही. तुम्हाला वाईट वाटलं असतं."

मास्तरांनी उसवलेल्या दोऱ्याचे तुकडे वेचून टेबलावर ठेवले. मग म्हणाले, "आता या पँटला हात लावायचा नाही. लोंबली तर लोंबू दे. सांभाळून घेतलंस, पुष्कळ झालं. आता मला कळू दे." त्यांनी गळ्यातला टेप काढून वहिनींच्या हातात दिला. "घे माप. श्वास ओढत नाही." अडीच इंच कमी भरलं. मग त्यांनी टेबलावरचं एकेक बटण उचलून माझ्यात परत टाकलं. तो आवाज मी जन्मभर विसरणार नाही. बिस्किटांचा पुडा घड्याळवाल्यांनी संपवला. त्यांना साखर नाही आणि लाजही नाही.

तीन महिन्यांनी डॉक्टरीणबाई नवा कागद घेऊन आल्या. साखर उतरली होती, पूर्ण नाही, पण पुष्कळ. डोळ्यांच्या आत काही बिघाड नव्हता. "असंच चालू ठेवा," त्या म्हणाल्या आणि जाताना त्यांनी माझ्यात स्वतःच्या कोटाचं एक बटण टाकलं. ते मास्तरांनी त्याच संध्याकाळी काढून त्यांच्या कोटाला पुन्हा लावून दिलं, ही गोष्ट वेगळी.

त्यानंतर काही आठवड्यांनी, एका सकाळी मास्तर वहिनींच्या आधी दुकानात आले. खिडकीशी उभे राहून त्यांनी एक सुई उजेडाकडे धरली. पहिल्यांदा हुकलं. दुसऱ्यांदा हुकलं. तिसऱ्यांदा दोरा पार गेला. मग दुसरी सुई. मग तिसरी. वहिनी खाली आल्या तेव्हा उशीत बारा सुया ओवून तयार होत्या. गेली दोन-तीन वर्षं वहिनींनाही जवळचं कमी दिसत होतं, चष्मा लावूनही एकेका सुईला पाच पाच मिनिटं लागत होती. हे त्या बोलल्या नव्हत्या. मास्तरांना ते कधी कळलं, मला माहीत नाही.

वहिनींनी उशीवरून हात फिरवला. मग डब्यातून एक साधं पांढरं बटण घेतलं आणि माझ्यात टाकलं.

"माझं?" मास्तरांनी विचारलं.

"नाही," वहिनी म्हणाल्या. "हे माझं. उद्यापासून मीही येते फिरायला."

आता मी गळ्यापर्यंत भरत आले आहे, अगदी त्या बुडबुड्यापर्यंत. शेजारी एक नवी बरणी आणून ठेवली आहे. मला तिचा हेवा वाटत नाही. ज्या घराला माझ्यामुळे त्रास झाला, त्याच घराने मला भंगारात न देता दुसरं काम दिलं. याहून जास्त एखाद्या बरणीने काय मागावं? तुमच्याकडे एखादी रिकामी बरणी असेल तर तिला फेकू नका. आज तुम्ही जिन्याने चढला असाल, एक घास आधी थांबला असाल, टपालपेटीपर्यंत जाऊन आला असाल, तर तिच्यात काहीतरी टाका. आवाज लहानच होईल. पण घरातलं कोणीतरी तो ऐकत असतं.