आवाजाचा पारखी

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा डबिंगचा दिग्दर्शक. नटमंडळी काचेपलीकडे बोलतात आणि हा खुर्ची फिरवून, त्यांच्याकडे पाठ करून ऐकतो. म्हणे, चेहरा फसवतो, आवाज फसवत नाही. या एका वाक्यावर त्याने आयुष्यभर भाव खाल्ला.

मेंदूतल्या रक्तस्रावातून बहीण वाचली, पण बोलण्यातले चढउतार गेले. तिला बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, "बोलणं आता एकसुरी राहील. म्हणजे मन कोरडं झालंय असं समजू नका. आत सगळं आहे, फक्त आवाजात उतरत नाही." या गृहस्थाने त्यातला नेमका एक शब्द उचलला आणि बायकोला चिकटवला.

मग रोज जेवणाच्या टेबलावर तालीम. वाक्य ठरलेलं, "नका ना जाऊ." आधी लाडात, मग रागाने, मग रडवेलं. हा पाठमोरा बसायचा, तिचं ताट निवून जायचं. पाहुण्यांसमोरही सुटका नव्हती. "ऐका हं, आमची एकसुरी बोलतेय," म्हणायचा, आणि ते निर्लज्ज लोक हसायचे. मी एकदा तोंड उघडलं तर म्हणाला, "ताई, तुमचाही आवाज काही गोड नाही."

परवा संध्याकाळी त्याने बॅग भरली. स्टुडिओतल्या एका नटीच्या आवाजावर तो भाळलाय, हे त्याने निदान लपवलं नाही. दारात आमच्याकडे पाठ करून उभा राहिला.

"शेवटची संधी," तो तिला म्हणाला. "मनापासून म्हणालीस तर राहीन."

"नका ना जाऊ," बहीण म्हणाली.

तिचे डोळे घळाघळा वाहत होते. भिंत धरून ती कशीबशी उभी होती. आवाज मात्र किती वाजले ते सांगावं तसा.

"अहो, वळून बघा तरी तिच्याकडे," मी म्हणाले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

"चेहरा बघायचा नसतो, ताई. एकसुरी. पुन्हा."

तिने पुन्हा म्हटलं. त्याने कान देऊन ऐकलं, मान हलवली आणि दार ओढून घेतलं.

बंद दारासमोर बहिणीने सगळी तालीम केली. आधी लाडात, मग रागाने, मग रडवेलं. मी तिच्या तोंडाकडे बघत होते म्हणून मला कळलं. कानांना तिन्ही सारखीच लागली.