एक्केचाळीस किलो

काट्यावर एकशे ब्याऐंशीचा आकडा दिसला तेव्हा तिने वाटीतून फ्लॉवरचा एक तुरा उचलला आणि तोंडात टाकला. एकशे सत्त्याहत्तर. आता तीन ग्रॅम कमी पडले. ओट्यावरच्या देठाचा नखाएवढा तुकडा मोडून तिने वाटीत टाकला, तेव्हा कुठे एकशे ऐंशी भरले.

"झालं का तुझं? मग ऐक," दाराशी कागद घेऊन उभे असलेले तिचे यजमान काटासाहेब म्हणाले. "'मी पहिल्याच दिवशी ठरवलं, आता माघार नाही.' कसं वाटतं?"

"पहिल्या दिवशी तुम्ही रुसून जेवलाच नव्हतात."

"ते भाषणात सांगायचं नसतं."

काटासाहेब हे काही त्यांचं नाव नव्हे. वजनमापे निरीक्षक म्हणून त्यांनी एकतीस वर्षं दुकानादुकानांतले तराजू तपासले, तेव्हापासून गल्ली त्यांना काटासाहेब म्हणते. ते दुकानाच्या पायरीवर दिसले की आतल्या माणसाचा हात आपोआप पारड्यावरून निघायचा. निवृत्तीनंतर तपासायला काही उरलं नाही, आणि वर्षभरात रक्तातली साखर वाढल्याचं निघालं. गल्लीचं म्हणणं असं की आजार झाला म्हणून ते सुधारले, नाहीतर शेजाऱ्यांच्या कुंड्या मोजायला लागले असते.

नणंद केस विंचरत आत आली. टेलिफोन कचेरीतून निवृत्त झाल्यापासून ती भावाकडेच राहत होती आणि दोघांच्या मध्ये बोलण्याची तिची सवय सुटली नव्हती.

"दादा, 'जिद्द' शब्द घातलास ना?"

"तीनदा."

"मग एकदा फ्लॉवरही घाला," बायको पाठमोरीच म्हणाली. "त्यानेही बरीच जिद्द केलीय."

"वहिनी, आज तरी टोमणे नकोत. दवाखान्याने बोलावलंय माझ्या भावाला. ऐंशी पेशंट ऐकायला येणार आहेत."

बायकोने कढई गॅसवर ठेवली. दोन वाट्या, एकशे ऐंशी ग्रॅमच्या, एक नवऱ्याची आणि एक नणंदेची, कारण भावाला सोबत म्हणून नणंदही पथ्यावर होती. तिसरी वाटी काट्यावर चढत नसे. तिसऱ्या माणसाचं जेवण उभ्यानेच व्हायचं, आणि आज सकाळी ते दोन थंड उकडलेले बटाटे आणि कालचा वाटीभर भात असं आधीच उरकलं होतं.

पाच महिन्यांपूर्वी दवाखान्यातल्या आहाराच्या मॅडमनी, म्हणजे त्यांच्या धाकट्या मुलीहूनही लहान असलेल्या एका पोरीने, कागदावर एक रेघ ओढून दिली होती. रेघेच्या डावीकडे भात, पाव, पीठ, बटाटा, साखर. उजवीकडे पालेभाज्या, फ्लॉवर, काकडी, घेवडा, अंडी, मासे, दाणे. "डावीकडचं घरात ठेवूच नका काका, म्हणजे हात जाणार नाही," असं ती म्हणाली होती. घरी येईपर्यंत त्याचा हुकूम झाला होता.

"नवीन आणायचं नाही. आहे ते संपवा."

मग ते परसात गेले आणि बटाट्याच्या वाफ्यापुढे थांबले. "हा रिकामा कर. इथे फ्लॉवर लाव."

तिने तो खणला. चार दिवस लागले आणि कंबर धरली. निघालेले बटाटे काटासाहेबांनी स्वतः तोलले, कारण त्यांच्या डोळ्यांदेखत कुठलीही वस्तू न तोलता इकडची तिकडे जात नसे. पथ्याच्या नव्या वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी सुबक अक्षरात लिहिलं: तांदूळ सोळा, पीठ अकरा, बटाटे एक्केचाळीस किलो. त्याखाली सही केली. पान उलटलं, आणि पुढच्या पानापासून फक्त स्वतःचं ताट लिहायला घेतलं.

तेव्हापासून घरात दोन माणसं पथ्यावर होती आणि एक साठ्यावर.

दवाखान्याच्या सभागृहात ती तिसऱ्या रांगेत बसली. मांडीवर पथ्याची वही होती, बोलावल्यावर पुढे आणून द्यायची होती. काटासाहेब माईकसमोर उभे राहिले, घसा साफ केला आणि हिशेब द्यावा तसे आकडे देऊ लागले. उपाशीपोटीची साखर दोनशे दहावरून एकशे चार. वजन अकरा किलोंनी कमी. लोक टाळ्या वाजवू लागले.

"मी घरातल्या सगळ्या पिष्टमय वस्तू बंद केल्या. मी बटाट्याचा वाफा काढून टाकला. मी तिथे फ्लॉवर लावला."

तिने पर्समधून पेन्सिल काढली आणि वहीच्या मागच्या कोऱ्या पानावर पहिल्या 'मी'ची एक उभी रेघ मारली. मग दुसरी. मग तिसरी.

"मी भाजी रोज ताजी खातो. मी कीटकनाशक वापरत नाही. मी अळ्या हाताने वेचून काढतो."

या वाक्याला तिने दोन रेघा मारल्या. अळ्या पहाटे वेचाव्या लागतात, पानं ओली असतात तोवर. त्या वेळी हा माणूस डोक्यावर पांघरूण घेऊन झोपलेला असे. फ्लॉवर किसून भातासारखा परतायचा, पाणी सुटू द्यायचं नाही, मीठ शेवटी टाकायचं, हे तिला चौथ्या खेपेला जमलं होतं. पहिल्या तीन खेपांचा लगदा कुणी खाल्ला, हे वहीत नव्हतं. काटासाहेबांच्या ताटात एकशे ऐंशीच्या वर गेलेला प्रत्येक चमचा परत कढईत यायचा, आणि कढईतून कुठे जायचा, हेही नव्हतं.

"खरं सांगतो, माझ्या घरच्यांना काही त्रास पडला नाही. मी माझं पथ्य माझ्यापुरतं ठेवलं."

शेजारी बसलेल्या नणंदेने अभिमानाने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. तिने गुडघा बाजूला घेतला. रेघा मोजल्या. चौतीस. वही नणंदेच्या मांडीवर ठेवून ती उठली.

"वहिनी, कुठे निघालीस? आता वही मागतील."

"तू दे. वाचता येतं ना तुला?"

बाहेरच्या पॅसेजमध्ये टेबल मांडून रक्त तपासणारी बाई बसली होती. समोरची रांग संपली होती आणि ती डबीतल्या पट्ट्या मोजत होती.

"काकू, बसा ना."

"मला काही झालेलं नाही. ज्याला झालंय तो आत बोलतोय."

"नसेल झालेलं. पण बसताच आहात, तर बोट द्या. बाराच पट्ट्या राहिल्यात, डबी एकदा उघडली की टिकत नाही."

उरलेलं वाया जाऊ नये, हे तिला लगेच पटलं. तिने बोट पुढे केलं. सुई टोचली, थेंब पट्टीवर गेला, आणि बाई यंत्राकडे बघत राहिली. मग तिने दुसरी पट्टी काढली.

"दुसरं बोट द्या. सकाळपासून काय काय खाल्लंत?"

"दोन बटाटे. वाटीभर भात. कालचा होता, संपवायचा होता."

"रोज असंच असतं?"

"संपेपर्यंत असंच."

"तहान लागते का हो फार?"

"बागेत राबणाऱ्याला तहान लागणारच."

बाईने चिठ्ठीवर दोन आकडे लिहिले, दोनशे सत्त्याऐंशी आणि दोनशे एक्क्याण्णव, आणि दोन्हींखाली रेघ ओढली. "आज मॅडमना भेटल्याशिवाय जाऊ नका."

तिने चिठ्ठी दोनदा वाचली. आजार झाला याचं त्या क्षणी तिला काहीच वाटलं नाही. तिचा संताप झाला तो वजाबाकी इतकी बिनचूक निघाल्याचा. नवऱ्याच्या अंगातून जे गेलं होतं, ते घराबाहेर गेलंच नव्हतं.

बोटावरचा कापूस अंगठ्याने दाबून ती सभागृहाच्या दारात आली तेव्हा प्रश्न सुरू झाले होते. मधल्या रांगेत एक जाडजूड बाई उभी होती. बोलण्याआधी तिने सांगून टाकलं की तिची बेकरी आहे, तेव्हा उगाच कुणी उपदेश करू नये.

"साहेब, तुमचं सगळं पटलं. एकच सांगा. आधीचा माल कुठे गेला?"

"कुठला माल?"

"आहाराच्या मॅडमनी तुमच्या वहीतलं पहिलं पान वाचून दाखवलं ना आत्ता. तांदूळ, पीठ, एक्केचाळीस किलो बटाटे. तुम्ही तर घासही घेतला नाहीत. माझ्याकडे न खपलेला पाव संध्याकाळी माझ्याच घरात येतो आणि मीच खाते, म्हणून तर मी इथे येऊन बसलेय. तुमचा कुठे जातो?"

लोक हसले. काटासाहेबांनी वही स्वतःकडे ओढली, पान बघितलं, खालची सही बघितली.

"संपला," ते म्हणाले.

"ते झालंच. पण खाल्ला कुणी?"

त्यांनी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. तिथे एक खुर्ची रिकामी होती. बेकरीवालीनेही त्यांच्या नजरेबरोबर मान वळवली, रिकामी खुर्ची बघितली, तिथून दाराकडे बघितलं. दारातल्या बाईच्या हातातली चिठ्ठी आणि बोटावरचा कापूस तिला दिसला.

"बरं. मला कळलं," ती म्हणाली आणि खाली बसली.

पुन्हा टाळ्या झाल्या. काटासाहेबांना जे कळायचं होतं ते कळलं नव्हतं, पण टाळ्यांना त्यांनी मान लववली.

आहाराच्या मॅडमनी तिला पंधरा मिनिटं आत बसवून घेतलं, गोळ्या लिहून दिल्या, आणि तसाच कागद काढून त्यावर तशीच रेघ ओढली. बाहेर आल्यावर तिने दोन्ही चिठ्ठ्या नवऱ्याच्या हातात दिल्या. बसमध्ये काटासाहेब त्या तीनदा घडी घालून तीनदा उघडत होते. पहिल्याच थांब्याला नणंदेने त्या वाकून वाचल्या आणि भाषणाबद्दल काढलेला विषय अर्धाच टाकला.

घरी आल्यावर ती टेबलाशी बसली. स्वयंपाकघरात गेली नाही. पाण्याचा तांब्या समोर ओढून घेतला आणि एक भांडं प्यायली, मग दुसरं.

काटासाहेब कोठीच्या खोलीत गेले. आतून मोठ्या काट्याच्या साखळीचा आवाज आला. थोड्या वेळाने ते हात झटकत बाहेर आले.

"साडेसहा आहेत."

"बारा शेजारी वाटले," ती म्हणाली. "दीड सडले, ते खड्ड्यात टाकले."

त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर वजाबाकी केली. केलेली पुन्हा तपासली.

"एकवीस," ते म्हणाले आणि बहिणीकडे बघू लागले.

"माझ्याकडे काय बघतोस दादा? मला बटाट्याने गॅस होतो, सगळ्या गावाला माहीत आहे."

"तांदूळ?"

"डबा रिकामा आहे," बायको म्हणाली. "पिठाचाही. घासून उन्हात पालथे घातलेत. म्हटलं, तपासणीला येतील तेव्हा स्वच्छ दिसावेत."

काटासाहेब खुर्चीत बसले. चिठ्ठी त्यांनी टेबलावर सपाट करून ठेवली आणि कडा अंगठ्याने दाबत राहिले.

"अगं, मला सांगायचं तरी."

"तुम्हीच सांगितलं होतंत. संपवा म्हणून."

"टाकून द्यायचे होतेस."

"मी लावलेले, मी खणलेले, तुम्ही तोलून सही केलेले. टाकले असते तर चौकशी लावली असतीत, घट कुठून आली म्हणून."

तसं झालं असतं, हे त्यांना ठाऊक होतं. मग त्यांना जे येत होतं ते त्यांनी केलं. कपाटातून नवी वही आणली, पट्टी घेतली, पहिल्या पानावर चार रकाने आखले. वर तारीख घातली. पहिल्या रकान्यात लाल शाईने दोनशे सत्त्याऐंशी लिहिलं, आणि पुढच्या रकान्यावर पेन टेकवून चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"सकाळी दोन बटाटे. प्रत्येकी किती ग्रॅमचे असतील साधारण?"

तिने हात लांब करून वही मिटली. पेन आतच राहिलं.

"लिहू नका," ती म्हणाली. "शिजवा."

"काय?"

"जेवण. तिघांचं. पाच महिने रोज ऐकतेय की तुम्ही करता, आज करून दाखवा. फ्लॉवर बाहेर आहे. सुरी खिडकीत."

नणंद उठू लागली. "मी करते हवं तर."

"तू बस गं बाई. आज तिघांतला एकच उठेल."

काटासाहेबांनी मिटलेली वही बाजूला सारली. मग उठले, खिडकीतली सुरी घेतली, आणि चप्पल न घालताच मागच्या दाराने परसात उतरले. तिला बसल्या जागेवरून वाफा दिसत होता. बारा गड्डे होते, शेवटचे, तिने पानं वर बांधून उन्हापासून झाकून ठेवलेले. ते पहिल्या रांगेपाशी उभे राहिले. एका गड्ड्यावर वाकले, पानं बाजूला सारली, सुरी कुठे लावायची ते बघितलं. मग दुसऱ्यावर वाकले. एकदा त्यांनी घराकडे वळून पाहिलं.

तिने तिसरं भांडं भरून घेतलं.

"वहिनी, जा ना गं," खिडकीशी गेलेली नणंद म्हणाली. "दादा मुळासकट उपटतोय."

"उपटू दे," ती म्हणाली. "अजून अकरा आहेत."