हाफ क्लचवरच्या गप्पा

खराडीच्या ऑफिसातून वाघोलीला घरी जायचं, तर गाडी उलट्या दिशेला विश्रांतवाडीला कशाला न्यायची? पण नम्रता रोज न्यायची. शेजारच्या सीटवर ऑफिसातली ललिता असायची ना! यवतमाळहून येऊन आयटीत लागून नम्रताला वर्ष झालं होतं, आणि कामाखेरीज तिच्याशी बोलणारी ही एकटीच. "मला तिकडे काम असतं गं," अशी थाप मारून तिने ही सोबत मिळवली होती.

ललिताच्या सोसायटीचं गेट ऐन चढावर. हँडब्रेक ओढला की ललिता पर्स उचलणार, हे नम्रताला पाठ झालेलं. म्हणून ती ब्रेक न लावता, क्लच अर्धा दाबून गाडी हाफ क्लचवर तोलून धरायची. मग सासूबाईंचा किस्सा, टीम लीडरची नक्कल, असं रोज काहीबाही निघायचं. नम्रताचा पाय भरून यायचा, पण गप्पाही भरात आलेल्या असायच्या.

एका संध्याकाळी त्याच चढावर जळका वास सुटला. इंजिन नुसतं बोंबलत राहिलं, गाडी तसूभर पुढे सरकेना. शेवटी ती ओढूनच गॅरेजात न्यावी लागली.

गॅरेजवाल्या पोपटरावांनी क्लचप्लेट तिच्यापुढे धरली. पार झिजलेली, काळी ठिक्कर. "क्लच आहे हो तो, पायपुसणं नव्हे," ते म्हणाले. चढावर ब्रेक का लावत नाही, असंही विचारलं. नम्रता काय सांगणार, कप्पाळ! गिअरबॉक्स उतरवून अख्खा सेट बदलायचा, साडेसहा हजार. तिने लगेच होकार दिला.

गाडी गॅरेजात होती तोवर ललिता कंपनीच्या बसने जात होती. गाडी परत आली त्या दिवशी नम्रता नुसती हवेत. जेवताना तिने सगळं रंगवून सांगितलं, पोपटरावांचा टोमणा सांगितला, आणि हसता हसता बिलाचा आकडाही सांगून बसली. ललिताचं हसू तिथेच विरलं.

संध्याकाळी बघते तर ललिता बसच्या रांगेत.

"मला सोडण्यापायी तुला एवढा भुर्दंड. नको बाई. पास काढलाय मी."

"मला तिकडे काही काम नसतं," नम्रता म्हणाली. "तू असतेस म्हणून येते."

ललिता ओशाळली. "मग तर अजूनच नको गं," म्हणत तिने नम्रताचा हात दाबला आणि ती बसमध्ये चढली.

नम्रता सरळ नगर रस्त्याला लागली. नवा क्लच अगदी हलका होता, गाडी कुठे म्हणून अडली नाही. वाघोलीत पोचली तर बाहेर अजून लख्ख उजेड. एवढ्या लांबलचक संध्याकाळचं करायचं काय, ते काही तिला सुचेना.