टोनर कोण संपवतंय?

प्रिंटरमधली शाईची पूड, म्हणजे टोनर, चोरीला जातोय, याबद्दल कानामात्राबाईंना तिळमात्र शंका उरली नव्हती. प्रश्न होता तो कोण चोरतंय एवढाच, आणि घरात माणसं तीन. मुलगा सकाळी कारखान्यात जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. स्वतः बाई तर संशयाच्या पलीकडच्या. उरली सूनबाई.

बाई घरबसल्या प्रुफं तपासायच्या. छापखान्याकडून मजकूर कॉम्प्युटरवर यायचा. तो त्या घरच्या प्रिंटरवर छापून घ्यायच्या आणि लेखकाचा मूळ मजकूर शेजारी ठेवून लाल पेनानं चुका काढायच्या. रस्त्यात दुकानांच्या पाट्याही थांबून थांबून तपासायच्या, म्हणून गल्लीनं त्यांना कानामात्राबाई हे नाव दिलं होतं. दोन छापखान्यांनी अलीकडे काम पाठवणं बंद केलं होतं. तिसराही गेला तर उरलेला जन्म भाजी निवडण्यात घालवायचा की काय, असं त्यांना सारखं वाटायचं.

म्हणून तर टोनर त्या जिवापाड जपत. छपाई कायम ड्राफ्टमध्ये, फिकी. ‘टोनर कमी आहे’ असा दिवा लागला की तिकडे साफ कानाडोळा करायचा. पानावर पांढरे पट्टे उमटू लागले की टोनरचं कार्ट्रिज बाहेर काढून आडवं धरायचं आणि तान्ह्या बाळाला झुलवावं तसं हलकेच डावी-उजवीकडे हलवायचं. कोपऱ्यात साचलेली काळी पूड पसरते आणि आणखी एखादं पुस्तक आरामात निघतं. या युक्त्यांवर एक कार्ट्रिज वर्षभर पुरायचं. आता मात्र हलवून हलवून हात भरून आले तरी पट्टे हटत नव्हते.

बाईंनी तपास सुरू केला. कार्ट्रिज पिशवीत घालून पीठ मोजायच्या काट्यावर ठेवलं. वजन भराभर उतरत होतं, पण कोरे कागद मात्र बाईंच्या कामापुरतेच कमी होत होते. जास्तीचा कागद न लागता टोनर जातो, म्हणजे सून नुसती पूडच काढून नेते की काय? आणि नेऊन करते काय, दात घासते? बाईंना हसू येईना, उलट झोप उडाली.

मग एकेक गोष्ट खटकायला लागली. सून हल्ली जेवताना नजर चुकवायची. फोन आला की गॅलरीत जाऊन हळू आवाजात बोलायची. दुपारी बाई आडव्या झाल्या की कामाच्या खोलीचं दार लोटल्याचा आवाज यायचा. त्यांनी मुलाजवळ खडा टाकून पाहिला.

“आई, तुझं काहीतरीच असतं,” तो म्हणाला आणि पाणी प्यायला उठून गेला.

म्हणजे हाही सामील. दोघांना ती खोली हवी असणार. काम बंद पडलं की म्हातारीचं टेबल बाहेर. बाईंना राग आला, आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी घोरायचं सोंग केलं. दार लोटलं गेलं तशा त्या पाय न वाजवता गेल्या आणि दार ढकललं. सूनबाई त्यांच्याच खुर्चीत बसली होती. पुढ्यात बाईंनी सकाळी तपासून संपवलेली प्रुफं, शेजारी मूळ मजकूर आणि हातात पेन्सिल.

“सापडलीस,” बाई म्हणाल्या. “माझा टोनर कुठे घालवतेस ते सांग आधी.”

सून उठली नाही. तिचे डोळे भरून आले होते.

“टोनर याच पानांत जातोय, आई. मी प्रिंटरच्या बटणांवरून छपाई गडद केलीय. उरलेल्या छापखान्याच्या मालकांचा मला फोन आला होता. तुमच्या प्रुफांत चुका राहतात म्हणाले, काम बंद करू या म्हणाले. मी सांगितलं, प्रिंटर बिघडलाय, फिकं छापतो, म्हणून राहतात.”

“खोटं बोलू नकोस. पानं तर अजून फिकीच आहेत.”

सून हळूच म्हणाली, “याहून गडद प्रिंटरला जमत नाही, आई.”

बाईंनी पान उचलून खिडकीशी नेलं. अक्षरं राखाडीच होती. त्यांनी पान जवळ धरलं, लांब धरलं. राखाडीच.

“आणि चुका?” त्यांनी विचारलं.

“तुम्ही दुपारी आडव्या झालात की मी परत एकदा वाचते. राहिलेल्या दुरुस्त करून पाठवते.” सुनेनं पेन्सिलीचं टोक एका ओळीवर टेकवलं. पुस्तिका तान्ह्या मुलांच्या औषधांची होती. पुस्तिका लिहिणाऱ्या डॉक्टरांच्या मूळ मजकुरात औषधाचे दोन थेंब होते. प्रुफात तीन झाले होते आणि बाईंचं लाल पेन त्या ओळीवरून पुढे निघून गेलं होतं.

बाईंनी दोन्ही ओळी डोळ्यांजवळ नेऊन वाचल्या. सून खुर्ची रिकामी करायला उठली, तर त्यांनी तिचा हात धरून ठेवला. मग फोन उचलून छापखान्याच्या मालकांना लावला.

“सुनेनं तुम्हाला प्रिंटर बिघडल्याचं सांगितलं, ते चुकीचं आहे,” त्या म्हणाल्या. एकेक शब्द सुटा होता. “प्रिंटर चांगला आहे, माझे डोळे गेलेत. हातातली पुस्तिका हिनं तपासलीय, तीच छापा. पुढचं मला पाठवू नका.”

पलीकडे मालक काहीतरी समजुतीचं बोलत होते. बाईंनी ते पुरतं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

“डोळ्यांच्या डॉक्टरकडे कधी नेतेस?” त्यांनी सुनेला विचारलं.