टाचेवरचा डाग

लाँड्रीच्या मालकाने स्वतः गाडीत घालून नवऱ्याला दवाखान्यात आणलं, वर तिच्यासाठी पाण्याची बाटलीही घेतली, तेव्हाच तिच्या मनात पाल चुकचुकली. एरवी हा माणूस सुट्टीचं नाव काढलं तरी कपाळाला आठ्या घालायचा.

"लाँड्रीतल्या ओल्या फरशीवरून घसरला, बाकी काही नाही," मालक डॉक्टरीणबाईंना सांगत होता. तिचा भाऊही तिथंच कामाला, नवरा तिथला मेकॅनिक. खाटेवर पडून नुसती मान डोलवत होता आणि तिच्याकडे बघायचं टाळत होता. एवढा बोलका माणूस मुका झाला, म्हणजे कुठंतरी पाणी मुरत होतं.

तिने त्याचा हात उलटा करून पाहिला. तळव्यावर काळपट, खोलगट डाग. मोजा काढला, तर टाचेवरही तसाच.

"डॉक्टर, घसरून पडलं की तळहात भाजतो का हो?"

मालकाचा चेहरा खर्रकन उतरला.

"हा शॉक आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हातातून शिरून पायातून गेलाय. वाटेत हृदय आलंच."

ईसीजी काढला. तो नीट आला.

"बघा! चला, घरी नेऊ," मालक उठलाच.

"तुम्हालाच का एवढी घाई?" तिने विचारलं.

"घरी नाही," डॉक्टरीणबाईंनी बजावलं. "हृदयाच्या स्नायूला इजा झाली असली तर रक्तात दिसायला वेळ लागतो. पुन्हा तपासू. तोवर ठोके पडद्यावर दिसू देत."

संध्याकाळच्या रक्ततपासणीत इजा दिसली. पडद्यावरचा ठोकाही मधूनच अडखळत होता.

तिने मालकाला व्हरांड्यात गाठलं. "यंत्र बंद न करताच ह्यांना आत हात घालायला लावलात ना?"

"नवऱ्यालाच विचारा," तो पुटपुटला.

तिने खाटेपाशी येऊन विचारलं, तेव्हा नवऱ्याने डोळे मिटून घेतले. "मीच मालकाला गप्प राहायला सांगितलं. त्यालाही ते सोयीचंच होतं म्हणा. माझा हात आत असताना तुझ्या भावाने मेन स्विच चालू केला. न विचारता. कळलं असतं तर तू त्याचं तोंड बघितलं नसतंस."

"आणि तुमचं तोंड बघायला मिळालं नसतं, तर?"

तिने तिथूनच भावाला फोन लावला. "ये, आणि डॉक्टरांना तुझ्या तोंडाने सांग."

तो आला. "मी स्विच बंद करेपर्यंत दाजी यंत्राला चिकटूनच होते," म्हणाला आणि रडू लागला. तिने त्याला रडू दिलं.

काही दिवसांनी ठोके ताळ्यावर आले, नवरा घरी आला. भावाशी बोलायला मात्र तिला बराच काळ लागला.